सुईचे मौन आणि त्याचा अर्थ

एकाच पायातील चपलेचे टोक झिजू लागले, म्हणजे आपण चपलेला दोष देतो. ठेच लागली, म्हणजे उंबरठ्याला देतो. जिना उतरताना पाऊल पायरीवर टेकताच टाच आपोआप थडथड उडू लागली, म्हणजे वयाला किंवा थकव्याला देतो. असे करता करता वर्ष निघून जाते. मग एके दिवशी घरातले कोणी तरी मागून चालताना पाहते आणि विचारते, "अण्णा, तुमचा उजवा पाय लाकडासारखा का पडतो?"

समजा, हे अण्णा म्हणजे शाळेतून नुकतेच निवृत्त झालेले एक मास्तर आहेत. माणूस काल्पनिक आहे. पण त्यांच्या प्रत्येक तक्रारीशी आमचा जुना परिचय आहे. मास्तर डॉक्टरांकडे जातात. डॉक्टर गुडघ्यावर हातोडी मारतात, तळपायावरून किल्लीचे टोक ओढतात, मानेचा एम. आर. आय. काढवून घेतात आणि शेवटी 'नसांची विजेची तपासणी' करायला सांगतात. तास दीड तास चिमटे, झटके आणि सुया सोसून अहवाल हाती येतो. त्यावर शेरा असतो : नॉर्मल. घरात आनंदीआनंद होतो. देवापुढे साखर ठेवली जाते. डॉक्टरांच्या चेहऱ्यावर मात्र तेवढा आनंद दिसत नाही. तेव्हा मुलगा धीर करून विचारतो, "डॉक्टरसाहेब, यंत्र म्हणते काही नाही. मग अण्णांचा पाय ताठ का?"

या एका प्रश्नाचे उत्तर देण्यासाठीच हा लेख आहे. प्रश्न साधा दिसतो. पण त्याचे उत्तर समजले नाही, तर दोन्ही बाजूंनी नुकसान होते. कोणी 'नॉर्मल' या शब्दावर विसंबून पुढची तपासणी सोडून देतो. कोणी उलट, डॉक्टर काही लपवीत आहेत अशा समजुतीने गावोगाव हिंडतो. वस्तुस्थिती अशी आहे की, यंत्र खोटे बोललेले नसते आणि डॉक्टरही नसतात. यंत्राला जे विचारले तेवढ्याचेच उत्तर त्याने दिलेले असते. त्याला काय विचारले होते, हे आपण पाहू.

हात उचलावा असे मनात येते आणि हात उचलला जातो. यामध्ये निरोप दोन टप्प्यांनी जातो. मेंदूच्या वरच्या आवरणात, साधारण कानाच्या वरून डोक्याच्या मध्यापर्यंत गेलेला एक पट्टा आहे. त्या पट्ट्यात हालचालीची आज्ञा देणाऱ्या पेशी असतात. त्यांपैकी सर्वांत मोठ्या पेशींचे वर्णन कीव्ह येथील बेट्झ या शरीरशास्त्रज्ञाने १८७४ मध्ये केले. या पेशींचे लांबच लांब धागे मेंदूतून खाली उतरतात, मेंदूच्या देठाशी त्यांतील बहुतेक उजवीकडून डावीकडे आणि डावीकडून उजवीकडे ओलांडतात, आणि पाठीच्या कण्यातील मज्जारज्जूत येऊन संपतात. ही झाली वरची चेतापेशी. मज्जारज्जूत तिची गाठ दुसऱ्या पेशीशी पडते. या दुसऱ्या पेशीचा धागा कण्याबाहेर पडून थेट स्नायूला जाऊन भिडतो. ही खालची चेतापेशी. कोणतीही आज्ञा अखेर हिच्यामार्फतच स्नायूला पोचते.

या दोघींचे नाते बैलगाडीवरून चांगले समजते. खालची पेशी म्हणजे बैल. गाडी प्रत्यक्ष ओढतो तो तोच. वरची पेशी म्हणजे गाडीवान. गाडीवान बैलाला नुसते 'चल' म्हणत नाही. बहुतेक वेळ तो कासरा खेचून त्याला आवरीत असतो. आता बैलच कोसळला, तर गाडी जागच्या जागी बसते. खालची पेशी मेली की तिचा स्नायू ढिला पडतो, रोडावतो आणि हातोडी मारली तरी झटका देत नाही. गाडीवान गळाला, तर प्रकार निराळा होतो. बैल जिवंत आहे, अंगात बळ आहे. पण कासरा सैल आहे. कोठे जायचे ते त्याला कळत नाही आणि पानाच्या सळसळीनेही तो उधळतो. वरची पेशी मेली म्हणजे तसेच होते. स्नायू फारसा रोडावत नाही, उलट ताठतो. हातोडीचा हलका स्पर्श होताच पाय उसळतो. जिन्यावर टाच थडथडते. आणि इच्छा असूनही चपळाई राहत नाही. मास्तरांचा पाय लाकडासारखा पडतो तो अशक्तपणाने तितका नव्हे, जितका कासरा सुटल्यामुळे.

हे ओळखण्याची जी साधी खूण आहे, ती पॅरिसच्या बाबिन्स्की या वैद्याने १८९६ मध्ये प्रसिद्ध केली. तळपायाच्या बाहेरच्या कडेवरून बोथट टोक ओढले, तर मोठ्या माणसाचा अंगठा खाली वळतो. वरच्या पेशीच्या मार्गात बिघाड असेल, तर तो वर उठतो. तान्ह्या मुलाचाही अंगठा वर उठतो, कारण त्याचा हा मार्ग अजून तयार व्हायचा असतो. सव्वाशे वर्षे उलटून गेली. या खुणेला मागे टाकील असे सोपे आणि फुकटचे साधन अजून निघालेले नाही. मास्तरांचा अंगठा वर उठला होता. डॉक्टरांचा चेहरा गंभीर राहिला त्याचे कारण हेच.

आता विजेच्या तपासणीकडे वळू. नसांतून निरोप किती वेगाने जातो हे मोजता येणारच नाही, असे एके काळी मोठमोठ्या शास्त्रज्ञांचे मत होते. हेल्महोल्ट्झ याने १८५० मध्ये बेडकाच्या नसेवर प्रयोग करून तो वेग मोजून दाखविला. सेकंदाला सुमारे सत्तावीस मीटर, म्हणजे घोड्याच्या दौडीपेक्षा फारसा अधिक नाही! माणसाच्या हातातील नसेचा वेग याच्या सुमारे दुप्पट, सेकंदाला पन्नास ते साठ मीटर असतो. ताशी दोनशे किलोमीटर म्हटले तरी चालेल. आजच्या तपासणीचा पहिला भाग म्हणजे हेल्महोल्ट्झचाच प्रयोग होय. मनगटावर आणि कोपराजवळ नसेला विजेचा छोटा धक्का देतात, अंगठ्याच्या स्नायूवर चिकटवलेल्या पत्रीतून उत्तर टिपतात, आणि अंतराला वेळेने भागून वेग काढतात. उत्तर किती वेळात आले याबरोबर ते किती मोठे आले, हेही पाहतात.

या पहिल्या भागाचे मोठे काम म्हणजे गैरसमज टाळणे. स्पर्शाच्या नसांचे उत्तर हालचालीच्या पेशींच्या रोगात बहुधा ठीक असते. ते बिघडलेले दिसले तर दुसऱ्या रोगाचा संशय घ्यावा लागतो. नसेवरील वेष्टण ठिकठिकाणी बिघडून निरोप मध्येच अडकतो, असाही एक विकार आहे. तो वरवर पाहता खालच्या पेशीच्या रोगासारखा दिसतो, पण औषधाने सुधारू शकतो. असा रुग्ण चुकून असाध्य रोगाच्या खात्यात जाऊ नये, म्हणून ही तपासणी अतिशय काळजीपूर्वक करावी लागते.

दुसरा भाग सुईचा. केसाहून थोडी जाड अशी सुई स्नायूत घालतात. तिच्या टोकाशी उमटणारी सूक्ष्म वीज पडद्यावर रेषेच्या रूपाने दिसते आणि कर्ण्यातून ऐकूही येते. एड्रियन आणि ब्राँक यांनी अशी सुई १९२९ मध्ये वापरात आणली. एड्रियन यांना पुढे १९३२ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. ही तपासणी करणारा माणूस डोळ्यांइतकाच कानांनी काम करतो. निरोगी स्नायू सैल सोडला असता कर्णा गप्प असतो. ज्या स्नायूच्या खालच्या पेशी मरत आहेत, तो मात्र विश्रांतीतही बोलत राहतो. धनी नाहीसा झालेला एकेक स्नायुतंतू आपल्या मनाने वाजू लागतो, आणि पत्र्याच्या छपरावर पावसाचे टपोरे थेंब पडावेत तसा आवाज कर्ण्यातून येतो. हा आवाज पेशी मेल्याबरोबर लगेच येत नाही. त्याला साधारण दोन ते तीन आठवडे लागतात. मधूनमधून एखादा ठोकाही ऐकू येतो. एका पेशीच्या हुकमतीखालील सगळे तंतू एकदम उडाले, की तो ठोका पडतो. कातडीखाली ते थरथरणे डोळ्यांनीही दिसते.

येथे एक गोष्ट आवर्जून सांगावीशी वाटते. पापणी फडफडणे, पोटरीत किडा वळवळल्यासारखे वाटणे, हे पुष्कळ निरोगी माणसांना जागरणाने, चहाकॉफीने किंवा नुसत्या काळजीने होते. स्नायूची शक्ती पूर्ण असेल, तो रोडावला नसेल आणि सुईला दुसरे काही सापडत नसेल, तर अशा फडफडण्याची भीती बाळगण्याचे कारण नाही.

सुईची पुढची पायरी म्हणजे स्नायू आवळायला सांगणे. काही पेशी मेल्या असतील, तर शेजारच्या जिवंत पेशी मेलेल्यांचे अनाथ तंतू आपल्या कुटुंबात घेतात. मग एकेका पेशीचे कुटुंब वाढते आणि पडद्यावरील तिची लाट उंच व रुंद दिसते. थोड्याच पेशी उरल्यामुळे त्या घाईघाईने, वेगाने वाजतात. अशा रीतीने विश्रांतीतील आवाज आजचा नाश सांगतो आणि फुगलेली लाट कालच्या नाशाची डागडुजी सांगते. दोन्ही गोष्टी एकाच स्नायूत सापडल्या, म्हणजे रोग जुना आहे आणि अजून चालूही आहे, असे निदान होते.

आता वाचकांच्या ध्यानात आलेच असेल की, आतापर्यंत जे जे तपासले, ते सर्व कण्याच्या खालचे आहे. नसेला धक्का दिला तो खालच्या पेशीच्या धाग्याला. सुई घातली ती खालच्या पेशीच्या स्नायूत. बैल तपासला, त्याचे खूर तपासले, जू तपासले; गाडीवानाकडे कोणी पाहिलेच नाही. केवळ वरच्या पेशीचा रोग असेल, तर नसेचा वेग ठीक येतो आणि सैल स्नायूतील सुई मौन धारण करते. म्हणून मास्तरांचा अहवाल 'नॉर्मल' आला. त्याचा अर्थ 'रोग नाही' असा नसून 'खालच्या पेशीत आज रोग सापडला नाही' एवढाच आहे.

अर्थात सुई अगदीच मुकी नसते. मास्तरांना पाऊल जोराने वर ओढायला सांगितले, तर पडद्यावरील लाटांचा आकार निर्दोष असतो. पण त्यांची गती वाढत नाही. निरोगी माणसाने जोर लावला की पेशी अधिकाधिक वेगाने वाजतात आणि पडदा लाटांनी भरून जातो. मास्तर घामाघूम होतात, तरी लाटा थोड्या आणि संथच राहतात. वरून हुकूमच कमी येतो, त्याला स्नायू काय करणार? मात्र या खुणेवर एकट्याने विसंबता येत नाही. दुखऱ्या पायाला जोर न लावणारा किंवा सुईला भिणारा माणूसही पडद्यावर असाच दिसतो.

दुसरी एक वाट हॉफमान या जर्मन शास्त्रज्ञाने १९१० मध्ये दाखविली. गुडघ्याच्या मागे नसेला हलका धक्का दिला, तर निरोप मज्जारज्जूपर्यंत वर जातो आणि तेथून परत पोटरीच्या स्नायूत येतो. जाऊन येण्यास सेकंदाचे सुमारे तीस सहस्रांश लागतात. हातोडीच्या झटक्याचीच ही विजेची आवृत्ती होय. कासरा सैल झालेल्या पायात हे उत्तर वाजवीपेक्षा मोठे येते. हाताच्या ज्या लहान स्नायूंत मोठ्या माणसात ते सहसा मिळत नाही, तेथेही उमटते. परंतु निरोगी माणसांतही याचे माप इतके कमीअधिक असते की, एका रुग्णाबद्दल ठाम बोलणे कठीण जाते.

मग गाडीवानाला प्रत्यक्ष हाक मारता येणार नाही काय? मेंदूला विजेने डिवचले तर हातपाय हलतात, हे बर्लिनच्या फ्रिट्श आणि हिट्झिग यांनी १८७० मध्ये कुत्र्याच्या मेंदूवर दाखविले होते. पण त्यासाठी कवटी उघडावी लागे. कवटी न उघडता, डोक्याच्या कातडीवरून विजेचा जोरदार धक्का देऊन मर्टन आणि मॉर्टन यांनी १९८० मध्ये माणसाचा हात हलवून दाखविला. कल्पना उत्तम होती. पण धक्का चांगलाच दुखत असे. हाड विजेला सहजासहजी वाट देत नाही, त्यामुळे बरीचशी वीज कातडीतच पसरे.

ही अडचण १९८५ मध्ये इंग्लंडातील शेफील्डच्या बार्कर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सोडविली. त्यांनी आधार घेतला तो फॅरेडेने १८३१ मध्ये शोधलेल्या नियमाचा. चुंबकीय क्षेत्र झपाट्याने बदलले, तर जवळच्या वाहकात वीज निर्माण होते. तांब्याच्या तारेचे एक वेटोळे डोक्यावर धरायचे आणि त्यातून क्षणभर प्रचंड प्रवाह सोडायचा. चुंबकाला कवटीचा अडथळा होत नाही. एम. आर. आय. यंत्राच्या चुंबकाशी तुलना व्हावी इतके प्रबळ क्षेत्र सेकंदाच्या सहस्रांशाहूनही कमी वेळ निर्माण होते, आणि मेंदूच्या त्या पट्ट्यात इवलीशी वीज खेळते. 'टक्' असा आवाज होतो, डोक्यावर टिचकी मारल्यासारखे वाटते आणि विरुद्ध बाजूच्या हाताचा अंगठा आपोआप उडतो. पहिल्यांदा पाहणाऱ्याला हे नवल वाटते. आपण हलविला नाही आणि आपलाच अंगठा हलला!

पुढचा भाग साध्या वजाबाकीचा आहे. मेंदूवर टिचकी मारल्यापासून अंगठ्याच्या स्नायूत उत्तर येईपर्यंत सुमारे वीस सहस्रांश लागतात. मग तेच वेटोळे मानेवर धरतात. तेथून अंगठ्यापर्यंत सुमारे तेरा लागतात. वीसमधून तेरा गेले, उरले सात. एवढा वेळ निरोपाने मेंदू ते मान या प्रवासात घेतला. पायाच्या बाबतीत ही वजाबाकी साधारण चौदापंधरा येते, कारण धागा कमरेपर्यंत जातो. ही बाकी वाजवीपेक्षा मोठी आली, उत्तर फारच लहान आले, किंवा कितीही जोराने टिचकी मारली तरी उत्तरच आले नाही, तर वरच्या मार्गात बिघाड आहे असे समजते. गाडीवानाला थेट हाक मारण्याचा एवढा सरळ उपाय दुसरा नाही.

तथापि या उपायालाही मर्यादा आहेत. धागे काही प्रमाणात मेले, तरी उरलेले वेगवान धागे निरोप वेळेवर पोचवितात. तेव्हा प्रारंभी वजाबाकी ठीकही येऊ शकते. मानेत मणक्याचा दाब असला तरी बाकी वाढते. म्हणजे मार्ग बिघडल्याचे कळते, कशाने बिघडला हे कळत नाही. त्यासाठी एम. आर. आय., रक्तातील ब-१२ जीवनसत्त्व, घराण्याचा इतिहास, हे सर्व पाहावेच लागते. दोन टिचक्या एकामागून एक, अवघ्या काही सहस्रांशांच्या अंतराने मारण्याचीही एक युक्ती आहे. निरोगी मेंदूत पहिली हलकी टिचकी दुसरीला दाबून टाकते. खालच्या व वरच्या अशा दोन्ही पेशींच्या रोगात ही आवर घालण्याची शक्ती लवकरच क्षीण होते, असे अनेक अभ्यासांत दिसले आहे. परंतु ही सोय सर्वत्र नाही आणि रोजच्या व्यवहारात अजून पुरती रुळलेली नाही.

या रोगांच्या निदानाचे नियम ठरविण्यासाठी जगातील तज्ज्ञ वेळोवेळी जमले. नियमांना त्या त्या गावाचे नाव पडले : १९९० मध्ये स्पेनमधील एल एस्कोरियल, २००६ मध्ये जपानमधील आवाजी, २०१९ मध्ये ऑस्ट्रेलियातील गोल्ड कोस्ट. सुईची साक्ष आणि डोळ्यांची साक्ष सारख्याच मोलाची धरावी, असे आवाजीत ठरले. मात्र हे झाले खालच्या पेशीबाबत. गोल्ड कोस्टच्या नियमांतही वरच्या पेशीचा बिघाड ठरवायचा तो हातोडीने, तळपायाच्या खुणेने आणि स्नायूंच्या ताठरपणावरून. म्हणजे वैद्याच्या हातांनीच. यंत्रयुगात ही गोष्ट अनेकांना चमत्कारिक वाटेल. आम्हांला ती नम्रतेचा धडा वाटते.

येथे कोणी म्हणेल : गाडीवानाचे ज्ञान हातोडीनेच व्हायचे, तर मास्तरांच्या अंगात सुया टोचल्या कशाला? लेखाचा गाभा या प्रश्नात आहे. फ्रेंच वैद्य शार्को यांनी १८६९ पासून ज्या भयंकर रोगाचे वर्णन केले आणि १८७४ मध्ये ज्याला ए. एल. एस. हे नाव दिले, त्या नावातच दोन गोष्टी आहेत : स्नायूंचे रोडावणे आणि मज्जारज्जूच्या बाजूच्या पट्ट्यांचे घट्ट होणे. एक खालच्या पेशीची खूण, दुसरी वरच्या पेशीची. या रोगात दोन्ही पेशी मरतात, आणि बहुतेक रुग्णांना पहिल्या लक्षणापासून दोन ते पाच वर्षांचेच आयुष्य लाभते. स्टीफन हॉकिंग १९६३ मध्ये निदान होऊन २०१८ पर्यंत जगले. पण ते विरळा उदाहरण. याच्याच जवळचा दुसरा एक रोग आहे. त्यात केवळ वरची पेशी झिजते. त्याला पी. एल. एस. म्हणतात. तो पाय ताठवितो, बोलणे जड करतो, चालणे अवघड करतो. परंतु त्याची चाल संथ असते आणि त्याचे रुग्ण पुष्कळदा दहा, वीस किंवा त्याहूनही अधिक वर्षे जगतात. सुरुवातीला मात्र हे दोन रोग जुळ्या भावांसारखे दिसू शकतात. ए. एल. एस.चा काही रुग्णही पहिल्या वर्षी फक्त ताठ पाय घेऊन येतो. खालच्या पेशींची पडझड मागाहून उघड होते.

मास्तरांच्या घरी खरा प्रश्न हा आहे. त्यांच्यापुढे दोन वाटा आहेत, आणि कोणती त्यांची, हे सांगण्याचे मोठे साधन म्हणजे तीच सुई. ती आज गप्प आहे, हे चांगले लक्षण आहे. पण एका दिवसाच्या मौनावर निकाल देता येत नाही. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने असे दाखविले की, लक्षणे सुरू झाल्यापासून चार वर्षांपर्यंत खालच्या पेशीची खूण उमटली नाही, तर पुढे ती उमटण्याचा संभव बराच कमी होतो. २०२० मध्ये ठरलेल्या नियमांत याच विचाराला स्थान मिळाले : दोन ते चार वर्षे झाली असतील तर 'संभाव्य' पी. एल. एस. म्हणायचे, चार वर्षे उलटली की 'निश्चित'. मधल्या काळात तपासणी पुन्हा करायची. सुईला किरकोळ काही सापडले तर एकदम घाबरायचे नाही. पत्र्यावरचा तो पाऊस निरनिराळ्या अंगांत पसरू लागला, तर मात्र निदान बदलावे लागते.

म्हणजे या रोगात तपासणीचे एक माप वेळ हे आहे. जे यंत्राला एका दिवसात सांगता येत नाही, ते त्याच यंत्राचे चार वर्षांतील चार अहवाल शेजारी शेजारी ठेवले की सांगता येते. म्हणूनच जुना अहवाल 'नॉर्मल' होता म्हणून रद्दीत टाकू नये. त्या कागदाची किंमत पुढच्या कागदाशी ताडून पाहताना कळते.

केवळ वरच्या पेशीला ग्रासणाऱ्या विकाराचे एक उदाहरण आपल्या दाराशीही आहे. विदर्भात आणि मध्य प्रदेशात लाखोळी डाळ पिकते. पाऊस हुकला, गहू करपला, तरी लाखोळी तगते. म्हणून दुष्काळात गरिबांच्या ताटात तीच उरते. १८३० च्या सुमारास सागर भागात अशाच दुष्काळानंतर तरुण माणसे कमरेखाली लुळी पडल्याचे स्लीमन या इंग्रज अधिकाऱ्याने नोंदवून ठेवले आहे. महिनोन्महिने मुख्यतः हीच डाळ खाणाऱ्यांचे पाय ताठतात, गुडघे एकमेकांवर घासतात, चवड्यांवर चालणे येते. प्रथम एक काठी, मग दोन, आणि शेवटी रांगणे. बुद्धी शाबूत, स्पर्शाची जाणीव शाबूत. डाळीतील विषारी द्रव्य भारतीय शास्त्रज्ञांनी १९६४ मध्ये वेगळे करून दाखविले. तिच्या विक्रीवर केंद्रीय नियमांनी १९६१ मध्येच बंदी आली होती. या विकाराचा बडगा मुख्यतः वरच्या पेशीवर पडतो, आणि डाळ थांबविली की रोग बहुधा तेथेच थबकतो. गेलेले परत येत नाही. पण पुढची पडझड थांबते. ताठ पायाच्या माणसाला 'काय खात होता?' हे विचारणे वेटोळ्याच्या टिचकीपेक्षा कमी महत्त्वाचे नाही, हे यावरून दिसते.

तपासणीस जाणाऱ्यांसाठी दोन शब्द. त्या दिवशी अंगाला तेल किंवा मलम लावू नये. पत्र्या नीट चिकटत नाहीत. रक्त पातळ करणारे औषध चालू असेल, तर ते आपल्या मनाने बंद न करता आधी सांगावे. हृदयात यंत्र बसविले असेल, फेफऱ्याचा त्रास असेल, डोक्यात धातूची पट्टी किंवा कानात बसविलेले ऐकण्याचे यंत्र असेल, तर चुंबकाच्या तपासणीपूर्वी ते सांगितलेच पाहिजे. सुई दुखते, हे खरे; पण सहन होते, आणि प्रत्येकासाठी नवी वापरतात. सगळ्यांत महत्त्वाचे म्हणजे, अहवालावरील शेवटची ओळ वाचून घरी जाऊ नये. डॉक्टरांना विचारावे : "ही तपासणी कोणत्या पेशीची झाली? हिने काय नाकारले? आणि पुन्हा केव्हा करायची?"

आता मुलाच्या प्रश्नाकडे परत येऊ. डॉक्टरांनी त्याला जवळ बसवून असे सांगावे : "बाळ, यंत्र म्हणते ते खरे आहे. खालच्या पेशी आज शाबूत आहेत. अण्णांचा पाय ताठ आहे तो वरच्या पेशींमुळे, आणि हे यंत्र त्या पाहत नाही. आपण ताठरपणा कमी करणारे औषध सुरू करू, रोज व्यायाम करून घेऊ, न्हाणीघरात धरायला दांडी बसवू. सहा महिन्यांनी सुई पुन्हा पाहू. ती गप्प राहिली, तर दर वेळी थोडी अधिक आशा धरू." एवढे ऐकले तर घरात साखर वाटण्याचे कारण उरणार नाही, पण गावोगाव हिंडण्याचेही उरणार नाही. वाट कशाची पाहायची, हे त्या घराला कळलेले असेल.